पेसमेकर उपचारातील लिंगभेद

पेसमेकर हे मंदावलेल्या हृदयाची गती विद्युत स्पंदांद्वारे सावरणारे उपकरण आहे. संपूर्णपणे शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमधील कॅरोलिन्स्का रुग्णालयात एका पुरुष रुग्णास बसवण्यात आला. या उपचाराचे निकष स्त्री-पुरुषांसाठी समान असले, तरी आजाराचे स्वरूप, गुंतागुंत आणि परिणाम यांत फरक आढळतो.

आजाराचे स्वरूप

स्त्रियांमध्ये सायनस नोडचा विकार, तर पुरुषांमध्ये अलिंद व निलय यांमधील विद्युतवहनाचा अवरोध तुलनेने अधिक असतो. उपकरण बसवतेवेळी स्त्रियांचे सरासरी वयही अधिक असते.

गुंतागुंत व परिणाम

फुप्फुसाच्या आवरणात हवा शिरणे ही शस्त्रक्रियेतील गुंतागुंत स्त्रियांमध्ये अधिक दिसते. लहान शरीरबांधा व अरुंद शिरा ही त्याची संभाव्य कारणे मानली जातात. याउलट, हृदयाच्या दोन्ही निलयांचा मेळ साधणाऱ्या पेसमेकरचा लाभ स्त्रियांना अधिक होतो. ‘मॅडिट-सीआरटी’ चाचणीत मृत्यू किंवा हृदय निकामी होण्याचा धोका स्त्रियांमध्ये ६९ टक्के, तर पुरुषांमध्ये २८ टक्के घटला. मात्र सहभागींपैकी स्त्रिया केवळ चतुर्थांश होत्या.

महाराष्ट्रातील उपलब्धता

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पेसमेकर बसवण्याचा समावेश आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना नोव्हेंबर २०१३ मध्ये हिंगोलीसह उर्वरित जिल्ह्यांत लागू झाली. त्यामुळे खर्चाचा अडसर कमी झाला, तरी निदान आधी व्हावे लागते. वयस्क स्त्रीची भोवळ किंवा थकवा अशक्तपणाचा समजला गेल्यास हृदयालेख काढण्यास विलंब होऊ शकतो.