दोन घरचा पाहुणा

ह्यूस्टन (टेक्सास) : आपल्या औराद-बीदर भागात एक समज घट्ट बसलाय. परदेशात पोरगं अडकलं की भारतीय कॉन्सुलेटचा साहेब जाऊन त्याला सोडवून आणतो. त्यात ओसीआय कार्ड असलं तर बघायलाच नको, ते म्हणजे ‘डबल नागरिकत्व’! अहो, ते नागरिकत्वच नव्हे. १९५५च्या नागरिकत्व कायद्याचं ९वं कलम सरळ आहे : दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपलं. हाती राहतो जन्मभराचा व्हिसा. मत देता येत नाही, तुरीचं एक एकर रान विकत घेता येत नाही.

आमच्या नात्यातला एक मुलगा इथं दारू पिऊन गाडी चालवताना सापडला. पासपोर्ट अमेरिकेचा. काकांचा फोन : “एम्बसीत आपल्याकडचं कुणी हाय का? एक फोन लाव की.” म्हटलं, काका, इथल्या पोलिसांच्या लेखी तो अमेरिकनच, भारताला कळवायचं त्यांच्यावर बंधन नाही. “मग पावणेतीनशे डॉलर भरून कार्ड कशाला काढलं?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

भारतीय पासपोर्टवाल्याचं तरी काय? १९६३च्या व्हिएन्ना कराराच्या ३६व्या कलमानुसार पोलिसांनी त्याला त्याचा हक्क सांगायचा. तो हो म्हणाला तरच कॉन्सुलेटला कळवायचं. ब्रिटिश किंवा चिनी माणूस धरला तर न विचारता कळवतात, कारण तसे वेगळे करार आहेत. त्या यादीत भारत नाही. आपली पोरं घरी कळेल या लाजेनं नकोच म्हणतात. आणि साहेब आला तरी भेटेल, विचारपूस करेल, वकील गाठून द्यायला मदत करेल. कुलूप उघडणार नाही.

आपल्याकडे एखाद्याला ठाण्यात नेलं की कागद व्हायच्या आत निम्मी गल्ली फाटकाशी. कुणी बीदरला फोन लावतोय, कुणी उदगीरच्या मेहुण्याला, कुणी हवालदारासाठी चहा सांगतोय. इथं जामिनाची रक्कम कागदावर ठरते, कुणाच्या पाया पडावं लागत नाही, हेवा वाटतो. पण फाटकाशी कुत्रंही नसतं, तेव्हा याच शिस्तीचा राग येतो.

शिस्त तरी कसली! २००४ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं ५१ मेक्सिकन कैद्यांच्या बाबतीत अमेरिकेनं हे ३६वं कलम मोडल्याचं ठरवलं. यातले काही आमचेही नागरिक आहेत, असं अमेरिकेनं म्हणून पाहिलं. सिद्ध करता आलं नाही. पुढे खुद्द राष्ट्राध्यक्ष बुश म्हणाले, निकाल पाळा. टेक्सासनं ऐकलं नाही, सर्वोच्च न्यायालयही टेक्सासच्या बाजूनं उभं राहिलं. ५ ऑगस्ट २००८ला त्या ५१ जणांतल्या होजे मेडेयीनला हंट्सव्हिलमध्ये, इथून तासाभरावर, मृत्युदंड दिला. तेहरानमध्ये १९७९ साली स्वतःची माणसं ओलीस धरली गेली तेव्हा हीच अमेरिका त्याच हेगला धावली होती.

त्याच २००४च्या निकालाचा आधार पुढे पाकिस्तानच्या कैदेतल्या कुलभूषण जाधवांच्या खटल्यात झाला. हरीश साळव्यांनी एक रुपया घेऊन भारताची बाजू मांडली आणि जुलै २०१९मध्ये १५ विरुद्ध १ असा निकाल मिळाला. पाकिस्ताननं निदान त्या सप्टेंबरात भारतीय अधिकाऱ्याशी भेट तरी घडवली.

आमचा मुलगा वकिलामुळे जामिनावर सुटला. औरादला मात्र बोललं जातंय की बीदरहून कुणीतरी दिल्लीला फोन लावला होता. नाव कुणाचं घ्यायचं, यावर दोन गट आहेत.