हिरवं खा, केशरी व्हा!

दोस्तांनो, घरी आणलेला केशरी गोल्डफिश कधी कधी हळूहळू फिका पडतो. असं का बरं होतं? कारणं अनेक असतात. त्यातलं एक म्हणजे खाणं. गाजराला रंग देणारी कॅरोटिनॉइड जातीची रंगद्रव्यंच या माशालाही रंगवतात. पण मासा ती स्वतः बनवू शकत नाही. ती पोटातूनच मिळायला हवीत.

इथे कामाला येतं स्पिरुलिना. हे निळसर हिरवं शैवाल सूक्ष्मदर्शकाखाली स्प्रिंगसारखं वेटोळं दिसतं. वाळवलेल्या स्पिरुलिनात निम्म्याहून जास्त प्रथिनं असतात, म्हणून ते वाढीलाही उपयोगी. त्यातलं पिवळं झिअॅझँथिन गोल्डफिशच्या शरीरात बदलून लालसर अॅस्टाझँथिन होतं. आहे ना गंमत? ठाण्याच्या खाडीत येणाऱ्या रोहित पक्ष्यांचा गुलाबी रंगही असाच खाण्यातून आलेला!

मात्र रंग चढायला काही आठवडे लागतात. घाईनं मूठभर खाद्य टाकलंत, तर उरलेलं कुजतं, पाण्यात अमोनिया वाढतो आणि मासा दगावतो. म्हणून दोन-तीन मिनिटांत फस्त होईल एवढीच चिमूट टाका. आणि आईबाबा, टाकीतलं थोडं पाणी दर आठवड्याला बदलताना मुलांना जरा हात द्या हं!