अंगठा सिमसाठी दिला, खातं भलतंच उघडलं

ताई, २०१७ साल आठवतंय का? "आधार जोडा, नाहीतर सिम बंद होईल" असे मेसेज सारखे यायचे. बाजाराच्या दिवशी मोबाईलच्या दुकानात जायचं, मशीनवर अंगठा ठेवायचा, झालं काम.

पण एअरटेलच्या लाखो ग्राहकांचं काम तिथंच संपलं नाही. सिमच्या तपासणीसाठी दिलेल्या त्याच अंगठ्यावर एअरटेल पेमेंट्स बँकेत त्यांचं खातं उघडलं गेलं, आणि तेही त्यांना नीट न विचारता. पुढं गॅसची सबसिडी नेहमीच्या बँकेत येईना. बाई पासबुक भरून आणायची, तर रक्कमच नाही. पैसे गेले होते त्या नव्या खात्यात.

असं कसं झालं? सरकार आधारवर पैसे टाकतं तेव्हा खातं नंबर बघत नाही. तुमचं आधार शेवटी ज्या बँकेला जोडलं, तिथं पैसे जातात. नवं खातं आधारला जोडलं की जुनं आपोआप मागं पडतं.

तक्रारी वाढल्यावर डिसेंबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणानं कंपनीचा आणि तिच्या बँकेचा आधारवरून तपासणी करायचा परवानाच थांबवला. ही शिक्षा खरी झोंबणारी होती, कारण तेव्हा सिमच्या कामात या तपासणीचा मोठा वापर व्हायचा. नुसता दंड कंपनी भरून मोकळी होते. धंदा अडला की मात्र धावपळ होते. सुमारे ३१ लाख ग्राहकांचे १९० कोटी रुपये त्यांच्या मूळ खात्यात परत करायचं कंपनीनं कबूल केलं. मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं पेमेंट्स बँकेला ५ कोटींचा दंडही लावला. सप्टेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, सिमला आधार जोडायची सक्ती करता येणार नाही.

आता ही जुनी गोष्ट कशाला? कारण लाडकी बहीणचे पैसेही आधारला जोडलेल्या खात्यातच येतात. गटातली एखादी म्हणते, "माझे पैसे आलेच नाहीत." कधीकधी ते आलेले असतात, पण दुसऱ्याच बँकेत. म्हणून बँकेत किंवा बँक सखीला सरळ विचारा: "माझं आधार सरकारी पैशासाठी कोणत्या बँकेला जोडलंय?" 'आधार'च्या वेबसाईटवरही हे दिसतं, त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. घरातल्या शिकलेल्या पोरीकडून बघून घ्या, पण ओटीपी बाहेरच्या कुणाला सांगू नका.

आणि अंगठा ठेवायच्या आधी विचारायचं, "कशासाठी?" दुकानदार घाई करतो, मागं रांग असते, आपल्याला संकोच वाटतो. वाटू द्या. एकाच कामासाठी दोनदा अंगठा मागितला तर पहिल्या वेळी काय झालं, ते स्क्रीनवर दाखवायला सांगा.

न विचारता खातं निघालं असेल तर आधी त्या बँकेकडं लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर नाही आलं, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. माहितीसाठी फोन १४४४८. आधारबद्दल काही असेल तर १९४७. सिम किंवा रिचार्जची तक्रार मात्र आधी कंपनीच्याच तक्रार केंद्रात करायची आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवायचा. तिथं दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडं. 'ट्राय' कंपन्यांसाठी नियम करते, दंड लावते, पण एकेकीची तक्रार स्वतः सोडवत नाही, त्यामुळे तिकडं अर्ज पाठवून वाट बघत बसू नका.