विभक्त संसार आणि परदेशी सहचराचे प्रायोजकत्व

औंढ्याच्या नागनाथाच्या सावलीत वाढून कॅनडाचा कायम रहिवासी झालेल्या माणसाचा पहिला संसार मोडला असून घटस्फोटाचा हुकूमनामा अद्याप हाती आला नसला, तरी अविवाहित परदेशी सहचरासाठी प्रायोजकत्वाचा मार्ग तेथील कायदा बंद करीत नाही, हे मी मुद्दाम विदित करतो.

त्यासाठी पूर्वीच्या जोडीदारापासून किमान १ वर्ष विभक्त वास्तव्य आणि नव्या सहचरासह १२ महिने अखंड सहवास सिद्ध व्हावा लागतो. म्हणून उभयतांच्या नावांचा भाडेकरार, विजेची बिले, संयुक्त बँकखाते हे दस्तऐवज तारीखवार जपावेत.

मात्र हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू असल्यास घटस्फोटापूर्वी पुनर्विवाह करू नये. आणि सहचरास कायम वास्तव्य मिळाल्यापासून त्याच्या निर्वाहाची ३ वर्षांची हमी नाते तुटले तरी सुटत नाही, हे ध्यानी धरूनच सही करावी.