रचित संख्यासारणी

रचित संख्यासारणी : एकाच साच्याच्या अनेक नोंदी संगणकाच्या स्मृतीत सलग मांडून होणारी सारणी. प्रत्येक नोंदीत भिन्न प्रकारची, नावे दिलेली क्षेत्रे असतात. सी भाषेत अशा नोंदीस ‘स्ट्रक्चर’ म्हणतात. पायथन भाषेच्या नमपाय या संग्रहात (आवृत्ती १·०, २००६) अशा सारणीस ‘स्ट्रक्चर्ड अ‍ॅरे’ हे नाव आहे. वेगवान आकडेमोड सीमध्ये व विश्लेषण पायथनमध्ये करावयाचे असल्यास सीमधील नोंदी नक्कल न करता नमपायला वापरता येतात. त्यासाठी पहिल्या नोंदीचा स्मृतीतील पत्ता, नोंदींची संख्या आणि क्षेत्रांचे वर्णन पुरवावे लागते. या माहितीवरून ‘पायअ‍ॅरे_न्यूफ्रॉमडिस्क्र’ हे फलन सारणी तयार करते.

क्षेत्रांचे वर्णन अचूक असणे अत्यावश्यक असते. उदा., २७ जुलै २००५ च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत सांताक्रूझ वेधशाळेत ९४४·२ मिमी., तर कुलाबा येथे ७३·४ मिमी. पाऊस नोंदला गेला. केंद्राचा क्रमांक ४ बाइटांत व पाऊस ८ बाइटांत ठेवल्यास नोंद १२ बाइटांची होईल असे वाटते. परंतु प्रचलित ६४-बिट संगणकांवर सी-कंपायलर क्रमांकानंतर ४ बाइट रिकामे सोडतो व नोंद १६ बाइटांची होते. नमपाय मात्र विशेष सूचना नसल्यास क्षेत्रे खेटून मांडते. परिणामी पाऊस आठव्याऐवजी चौथ्या बाइटापासून वाचला जातो आणि कोणतीही त्रुटी न दर्शविता निरर्थक आकडे मिळतात. म्हणून नोंदीची लांबी व क्षेत्रांची अंतरे हाताने न मोजता ‘साइझऑफ’ व ‘ऑफसेटऑफ’ यांच्या साहाय्याने कंपायलरकडूनच घेतात.

स्मृतीच्या मालकीचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. सी-आज्ञावलीने स्मृती मुक्त केल्यावरही सारणी वापरात राहिल्यास ती अवैध जागा वाचते. हे टाळण्यासाठी स्मृतीची मालकी असणारी वस्तू सारणीला ‘आधार’ म्हणून जोडतात. त्यामुळे सारणी असेपर्यंत स्मृती टिकते.

मुंबईच्या उपनगरांतील पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत विकसित झालेली पायएसपीएच ही प्रणाली द्रवाचे कणरूपाने अनुकारण करते. तीत नोंदींऐवजी स्थान, वेग, घनता इ. प्रत्येक राशीची स्वतंत्र सारणी असते. या सारण्यांची स्मृती सी-पातळीवर राखली जाते व तीच नमपायला दिसते. कणांची संख्या वाढली की स्मृतीची जागा बदलू शकते, म्हणून नमपायकडील पत्ताही त्याच वेळी बदलावा लागतो. मांडणी कोणतीही असली, तरी दोन्ही भाषांत स्मृतीचे वर्णन एकच असणे ही अचूक उत्तराची पूर्वअट होय.