कैलासाच्या आधीचा खडक

खुलताबादहून वेरूळचा घाट उतरताना डोंगराकडे नीट पाहा. काळ्या कातळाचे आडवे थर एकावर एक बसलेले दिसतील. हे सगळे कधीकाळी इथून वाहिलेल्या लाव्हाचे लोट. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात याच बेसॉल्टमधून कैलास लेणे कळसापासून खाली कोरत आणले, तेव्हा हा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा होता.

इथे शंकूसारखा ज्वालामुखी मात्र शोधू नका. जमिनीला लांबलचक भेगा पडल्या, लाव्हा पसरला, थांबला, पुन्हा आला. असे लाखो वर्षे चालले. झिजून झिजून उरलेला हा दख्खनचा पसाराच आज सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर भरतो.

लाव्हा गोठून खडक झाला म्हणून दिसतो. त्याच्याबरोबर सुटलेला वायू कुठे दिसतो? हवामान तर त्यानेच बदलले. गंधकाच्या वायूपासून उंच आकाशात आम्लाचे सूक्ष्म थेंब तयार होतात, ते ऊन माघारी धाडतात आणि पृथ्वी गारठते. फिलिपिन्समधला पिनाटुबो 1991 साली फुटला, तर जगाचे सरासरी तापमान जवळपास अर्ध्या अंशाने उतरले. पण हे थेंब दोन-तीन वर्षांत खाली येतात. दख्खनसारख्या अवाढव्य उद्रेकांतला कार्बन डायऑक्साइड मात्र हजारो वर्षे हवेत ठाण मांडतो. आधी गारठा, मग ताप! याच काळात डायनासोर संपले. मेक्सिकोत आदळलेली अशनी त्यातली मोठी गुन्हेगार; दख्खनचा हात किती, यावर शास्त्रज्ञांचे अजून भांडण आहे.

मला खरे नवल वाटते ते पुढचे. पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळतो. ते सौम्य आम्ल बेसॉल्टला झिजवते आणि हवेतला कार्बन नद्यांवाटे समुद्रात जाऊन शेवटी चुनखडीत अडकतो. ज्या खडकाने हवा तापवली, तोच दर पावसाळ्यात थोडा थोडा कार्बन परत घेतोय. मराठवाड्यातली कपाशीची काळी जमीन याच झिजेतून झाली. फक्त या परतफेडीला घाई नाही, लाखो वर्षे लागतात.

आणि आपण? आज जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला 100 कोटी टनांहून कमी कार्बन डायऑक्साइड सोडतात. माणूस कोळसा, तेल आणि वायू जाळून सोडतो सुमारे 3,700 कोटी टन.