पीएच.डी.चं पहिलं वर्ष : विद्यापीठाचं आणि पावसाचं

विज्ञान संशोधनाची वाट : लेखांक ४

मागच्या लेखात आपण पेट, नेट आणि मुलाखत इथवर आलो होतो. आता प्रवेश झाला असं धरू. अमरावतीचं संत गाडगेबाबा विद्यापीठ, अकोला-यवतमाळ-बुलडाणा-वाशीमच्या एखाद्या महाविद्यालयातलं त्याचं संशोधन केंद्र किंवा अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, यांपैकी कुठेतरी तुमचं नाव लागलं. घरी पेढे वाटून झाले. पुढे काय?

एम.एस्सी.ला वर्गात पहिला आलेला विद्यार्थीही इथे सुरुवातीला चाचपडतो. एम.एस्सी.पर्यंत प्रश्न दुसऱ्यानं काढलेला असतो आणि उत्तर कुठेतरी लिहिलेलं असतं. टायट्रेशनचं रीडिंग जुळलं नाही, तर चूक आपली, एवढं नक्की असतं. पीएच.डी.त विचित्र रीडिंग आलं तर हात चुकला, उपकरण बिघडलं की खरंच काही नवं दिसतंय, हे आपणच शोधायचं असतं. ते गाईडनाही आधी ठाऊक नसतं. ठाऊक असतं तर त्यावर पीएच.डी. कशाला करायची? त्यामुळे पहिल्या वर्षी हाती ठोस निष्कर्ष आला नाही म्हणून घाबरू नये. त्या वर्षी शिकायचं असतं ते वेळेचं नियोजन, आणि ते दोन वेगळ्या वेळापत्रकांनी करावं लागतं.

पहिलं वेळापत्रक विद्यापीठाचं. विद्यापीठ अनुदान आयोगाचे नोव्हेंबर २०२२चे नियम सांगतात की, पीएच.डी.ला कोर्सवर्क धरून कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं. मोजणी प्रवेशाच्या तारखेपासून. पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षं मिळू शकतात. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर २ वर्षांची सवलत आहे. स्त्री संशोधकांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळते. लग्नामुळे किंवा अन्य कारणानं गाव बदललं, तर अटी पाळून संशोधनाची माहिती दुसऱ्या विद्यापीठात नेता येते. ही तरतूद अनेक मुलींना वेळेवर कोणी सांगत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

कोर्सवर्क १२ ते १६ क्रेडिटचं असतं. त्यात संशोधन पद्धती येते, तसंच संशोधन आणि प्रकाशनाची नीतिमत्ता हा विषयही येतो. त्यात किमान ५५ टक्के हवेत. नंतर सिनॉप्सिस आणि संशोधन व मान्यता समिती, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली आरआरसी. पुढे दर सेमिस्टरला सल्लागार समितीसमोर प्रगतीचं सादरीकरण करावं लागतं. कृषी विद्यापीठाची रचना वेगळी आहे: तिथे कोर्स अधिक असतात आणि पात्रता परीक्षाही असते. पण कागद वेळेत गेला नाही तर काम अडतं, हे दोन्हीकडे सारखंच.

दुसरं वेळापत्रक विषयाचं. ते कोणत्याही परिपत्रकात छापलेलं नसतं आणि वऱ्हाडात ते बऱ्याचदा पाऊस ठरवतो.

कापसाचं उदाहरण घ्या. कोरडवाहू कपाशी जूनमध्ये, पहिल्या चांगल्या पावसावर पेरली जाते. वेचणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन हिवाळाभर चालते. खताच्या चार मात्रा तपासायच्या, तर एका खरिपाचे आकडे पुरत नाहीत. त्या वर्षी पाऊस भरपूर झाला असेल, तर उत्पन्न खतामुळे वाढलं की पावसामुळे, हे वेगळं काढता येत नाही. म्हणून तोच प्रयोग निदान दुसऱ्या हंगामात पुन्हा करावा लागतो. आता हिशेब करा. प्रवेश ऑगस्टमध्ये झाला, म्हणजे पहिला खरीप आधीच गेला. दुसऱ्यात पावसानं दडी मारली आणि दुबार पेरणी करावी लागली किंवा गुलाबी बोंडअळीनं प्लॉट खाल्ले, तर तिसऱ्यापासून मोजायला सुरुवात. तीन वर्षांचं काम पाच वर्षांवर जातं ते असं, आळस न करताही.

लोणारचंही तेच. बेसाल्टच्या खडकात उल्कापातानं झालेलं हे खारं, अल्कधर्मी सरोवर सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना फार जवळचं. जून २०२०मध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं. पाणी आटून क्षार वाढले होते आणि क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांचं रंगद्रव्य त्यात उतरलं होतं, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसलं. जो विद्यार्थी फक्त हिवाळ्यात नमुने घेतो, त्याच्या प्रबंधात हे सरोवर अर्धंच येईल. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचं पाणी तपासणाऱ्यालाही पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर अशा दोन फेऱ्या कराव्याच लागतात.

मेळघाटात आणखी एक दार आहे: वनविभागाची लेखी परवानगी. अभयारण्यात शास्त्रीय अभ्यासासाठी जायचं तरी १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती लागते. वनस्पती ओळखायला फुलं लागतात आणि कित्येक झुडपं-वेली फुलतात त्या पावसाळ्यात किंवा लगेच नंतर. परवानगीचं पत्र डिसेंबरात हाती आलं, तर तो बहर पुढच्या वर्षावर गेला म्हणून समजा.

रसायनशास्त्र किंवा भौतिकशास्त्र घेतलं म्हणजे पावसातून सुटका होते, रांगेतून होत नाही. १९८३ साली अमरावती विद्यापीठ झालं, त्याआधी वऱ्हाडातली महाविद्यालयं नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. नोंदणी आता घराजवळ आली. मोठी उपकरणं मात्र अजून सगळीकडे नाहीत. एनएमआरसारख्या तपासणीसाठी नमुने चंदीगडच्या किंवा मुंबई आयआयटीच्या सामायिक उपकरण केंद्रात पाठवावे लागू शकतात. शुल्क, टपाल, क्रमांक, आणि उत्तर आल्यावर कळतं की नमुना पुरेसा शुद्ध नव्हता. असे दोन-तीन फेरे आधीच धरून ठेवावेत.

म्हणून पहिल्या वर्षातलं सगळ्यांत मोठं काम म्हणजे विषय लहान करणं. ‘विदर्भातील भूजलाचा अभ्यास’ हा विषय सिनॉप्सिसमध्ये भारदस्त दिसतो, पण तो कोणालाच पुरा करता येणार नाही. ‘दर्यापूर तालुक्यातल्या ठरावीक विहिरींत दोन वर्षांत सोडियम कसा बदलतो’ हा प्रश्न पुरा होतो, आणि तिथल्या शेतकऱ्याच्या कामीही येतो. छोटा प्रश्न घेतला म्हणून पदवी छोटी मिळत नाही.

गाईडशी याच काळात मोकळं बोलून घ्यावं. नियमानं प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला ३ वर्षांपेक्षा कमी उरली असतील, तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. सरांकडे किती जण आहेत, आधीच्यांना किती वर्षं लागली, आठवड्यात कोणत्या वारी भेट होईल, हे विचारण्यात उर्मटपणा नाही. सिनियर विद्यार्थ्यांना चहा पाजून विचारलं तर आणखी खरं कळतं. तासिका तत्त्वावर शिकवत अर्धवेळ पीएच.डी. करणाऱ्यांनी तर परीक्षा आणि पेपर तपासणीचे महिने सुरुवातीलाच बाजूला काढावेत.

घरच्यांनाही हे दुसरं वेळापत्रक सांगून ठेवावं. लग्नकार्यात कोणी ना कोणी विचारतंच, “अजून किती वर्सं लागतीन गा?” विचारणाऱ्याच्या घरी शेती असेल, तर त्याला दोन खरिपांचा हिशेब सांगा. सल्लागार समितीपेक्षा लवकर समजेल.

पहिल्याच महिन्यात एका कागदावर दोन्ही वेळापत्रकं शेजारी शेजारी मांडा. डावीकडे कोर्सवर्क, सिनॉप्सिस, सेमिस्टरची सादरीकरणं. उजवीकडे हंगाम, परवानग्या, उपकरणांच्या तारखा. जिथे दोन्ही एकमेकांना आडवी येतात तिथे खूण करा आणि तो कागद घेऊन गाईडकडे जा. नमुने गोळा करायच्या ऐन महिन्यात सादरीकरण येतंय, हे सहा महिने आधी कळलं तर त्यावर तोड निघते.

पुढच्या आठवड्यात पैशांबद्दल : सीएसआयआरची फेलोशिप, बार्टी, सारथी आणि महाज्योती, आणि फेलोशिपचा हप्ता लांबला तर घर कसं चालवायचं.